चार दिवसांआड पाणी आणि तीन मजली कारंजं

आलेलं पत्र, थोडं आवरून:

"ताई, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घर पूर्वाभिमुख आहे, पुढे तीस बाय चाळीस फुटांचं अंगण. दारासमोर तुळशीवृंदावन, फाटक उजव्या कोपऱ्यात आणि डाव्या कोपऱ्यात जुना कडुलिंब. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले. मुलाने आम्हाला इटली दाखवून आणली, आणि तिथून आल्यापासून ह्यांना अंगणात रोम उभं करायचंय. हायवेवरच्या एका दुकानातून घागर घेतलेली चार फुटी बाई, दोन पंखवाली बाळं, चेंडूवर पंजा ठेवलेले दोन सिंह आणि फुलदाणीच्या घाटाच्या चार मोठ्या कुंड्या टेंपोत घालून आणल्या. सगळं फायबरचं, पांढरंशुभ्र. आता तीन मजली कारंजं ठरवतायत. ऍडव्हान्स अजून दिलेला नाही. शेजारच्या काकू विचारून गेल्या, 'लॉन भाड्याने देणार का?' सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, तुळशीसमोर खांदा उघडा टाकलेली बाई मी उभी राहू देणार नाही. आणि नळाला पाणी येतं चार दिवसांआड, बोअरचं पाणी मचूळ. ह्यांचं मन मोडायचं नाहीये, पण अंगणाचं मंगल कार्यालयही होऊ द्यायचं नाहीये. काय करू? आणि ते रंग बदलणारे दिवे लावावेत का?"

वहिनी,

पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग वहीच्या मागच्या पानावर तुमच्या अंगणाचा नकाशा काढला. तुमच्या घरात तिघांची तीन मतं आहेत आणि तिघांचंही बरोबर आहे. साहेबांना अंगणात डौल हवाय, सासूबाईंना तुळशीचा मान राखायचाय आणि तुम्हाला येता-जाता 'लग्न कुणाचं?' हे ऐकायचं नाहीये. तीस बाय चाळीसमध्ये हे तिन्ही बसतं. टेंपोतून उतरलेलं सगळं मात्र बसत नाही.

आधी कारंजंवाल्याला फोन करून सांगा, दोन महिने थांब. ऍडव्हान्स गेला नाही हे नशीब समजा.

तीन मजली कारंजं म्हणजे तीन उघड्या थाळ्या, आणि प्रत्येक थाळीच्या काठावरून वाऱ्यावर उडणारं पाणी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची पातळी रोज सेंटिमीटरभर तरी उतरते. खालचं कुंड चार फूट व्यासाचं धरलं, तर नुसत्या उन्हाने रोज अकरा-बारा लिटर जातं. वरच्या दोन थाळ्या, शिंतोडे आणि दुपारचा वारा धरला तर सगळं मिळून त्याच्या दुप्पट. म्हणजे एका नळापासून दुसऱ्या नळापर्यंत शंभरेक लिटर पाणी त्या कारंज्याने पिऊन टाकलं. ज्या गल्लीत 'पाणी आलं!' अशी आरोळी ऐकून माणसं अर्धा घास टाकून उठतात, त्या गल्लीत हे बरं दिसत नाही. शेजारच्या काकू बोलून दाखवणार नाहीत, पण बघतील.

साहेबांना वाटेल, ही बाई आपल्या हौसेवर पाणी ओततेय. तर त्यांना फ्रान्सच्या राजाची गोष्ट सांगा. व्हर्सायच्या बागेत चौदाव्या लुईने इतकी कारंजी उभारली की पाणी पुरेना. सेन नदीवर मार्लीजवळ चौदा प्रचंड चाकांचं यंत्र बसवलं, १६८४ मध्ये ते सुरू झालं, तरी सगळी कारंजी एका वेळी चालवता येत नव्हती. मग कारंज्यांवरचे नोकर शिट्ट्या वाजवून एकमेकांना खूण करत. राजा वळणावर आला की पुढचं कारंजं सोडायचं, तो पुढे गेला की मागचं बंद. म्हणजे व्हाल्वमन तिथेही होता, फरक एवढाच की तो एका माणसासाठी पाणी सोडायचा. आणि रोमजवळ तिवोलीला तुम्ही व्हिला देस्ते बघितला असेल, तर तिथली ती शेकडो तोंडं सोळाव्या शतकात पंपाशिवाय चालली, कारण आनिएने नदीचं पाणी डोंगरउतारावरून आपोआप खाली येत होतं. त्या बागेचा सगळा थाट त्या उतारावर उभा आहे. जुळे सोलापुरात उतार नाही आणि नदीही नाही.

कारंजं घेताना माझी एक कसोटी असते: ते आटलं तरी बघवतं का? मुंबईचं फ्लोरा फाउंटन १८६४ चं. मधली कित्येक वर्षं ते कोरडं पडलेलं होतं, तरी लोक त्याच्याकडे मान वळवून बघत, कारण दगडातलं कामच तसं होतं. त्याहून जवळचं उदाहरण हवं तर नळदुर्गला जा. पाऊण-एक तासाचा रस्ता. आदिलशाहीत बांधलेला तिथला पाणीमहाल बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात आहे, आणि नर-मादी हे दोन धबधबे नदी भरली तरच कोसळतात. बाकीच्या महिन्यांत नुसती दगडी भिंत असते, आणि तीसुद्धा बघत उभं राहावंसं वाटतं. तुमच्या तीन मजली फायबरच्या कारंज्यातलं पाणी काढून टाका आणि डोळ्यांसमोर आणा. काय उरतं? केकचा स्टँड.

मग पाण्याचा आवाज हवाच असेल तर? हवाच. मी काही कोरडी बाई नाही. उत्तरेच्या कंपाउंड भिंतीला, ओसरीपासून सात-आठ फुटांवर, एक दगडी गोमुख बसवा आणि त्याखाली दगडाची डोण. साहेबांना सिंहमुख हवं असेल तर सिंहमुख घ्या. रोमन माणसांनी भिंतीतल्या सिंहाच्या तोंडातून पाणी काढलं, आपण कुंडावर गायीच्या तोंडातून काढलं, कल्पना एकच. काळ्या दगडाचं काम करणारे पाथरवट अजून आहेत, आणि जुन्या वाड्यांची पाडापाडी होते तिथे बैलांना पाणी पाजायच्या डोण्या भंगाराच्या भावात पडलेल्या असतात. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, फूटभर खोल डोणीत शंभरेक लिटर पाणी मावतं आणि तेच फिरत राहतं. उघडा भाग एवढासाच, त्यामुळे उन्हाळ्यातही रोज तीन-चार लिटरची भर पुरते. ती पाव बादली साहेबांनी स्वतः घालावी. हौसेला थोडं वजन उचलायला लागलं की हौस टिकते.

पाण्याची धार जितक्या उंचीवरून किंवा जितकी उंच, तितकी रुंदी कुंडाला चारी बाजूंनी हवी, नाहीतर निम्मं पाणी फरशीवर. गोमुखाची धार बारीक आणि भिंतीलगत असल्यामुळे हा प्रश्न जवळपास येतच नाही. धार भिंतीपासून चार-पाच बोटं पुढे पडली की बास. आवाज कमी वाटला तर धार जिथे पडते तिथे एक चपटा दगड ठेवा, पाण्यापेक्षा वर डोकावणारा. बोलका होतो.

पंप अठरा-वीस वॅटचा पाण्यातला घ्या. रोज तीन तास चालवला तरी महिन्याला दोन युनिटसुद्धा जळत नाहीत. घेताना तो पाणी किती उंच ढकलतो ते विचारा आणि तुमच्या गरजेच्या दुप्पट उंचीचा घ्या, कारण मचूळ पाण्याने त्याचा दम लवकर जातो. ओल्या हाताची जागा आहे, म्हणून त्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. इलेक्ट्रिशियन 'चालतंय की' म्हणाला तरी ऐकू नका. पंप कोरडा चालला की जळतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

माझ्याच अंगणातलं सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मीही एक सिमेंटचं कारंजं घेतलं होतं, कमळाच्या आकाराचं, मधोमध बदक. मे महिन्यात आम्ही आठ दिवस गावाला गेलो, पाणी आटलं, पंप जळला. जून लागला, पावसाचं पाणी त्यात साचलं आणि पंप आणू-आणू म्हणत पंधरा दिवस गेले. एके दिवशी घरोघर फिरणारी आरोग्यसेविका आली, तिने पांढऱ्या वाटीत ते पाणी घेतलं आणि गल्लीतली सगळी पोरं गोळा करून दाखवलं. वाटीत अळ्या नाचत होत्या. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. बदकाचा तो अपमान मी अजून विसरलेले नाही. तेव्हा आठवड्यातून एक वार ठरवा, त्या दिवशी डोण उपसून घासायची आणि ते पाणी कुंड्यांना घालायचं. नाहीतर गप्पी मासे सोडा.

आणखी एक, कारण तुम्हाला हा सल्ला कुणीतरी देणारच आहे: 'आरओचं वाया जाणारं पाणी कारंज्यात घाला.' नका घालू. आरओने गाळून टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात. महिन्याभरात काळ्या दगडावर पांढरी पुटं चढतात. एसीचं पाणी चांगलं, क्षार नसलेलं, पण सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात एसी पाणी गाळणार किती? ते मुंबईकरांचे लाड. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी एका पिंपात धरून ठेवता आलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. गोमुखाच्या नळीवर क्षार बसले तर लिंबूसत पाण्यात कालवून ती रात्रभर बुडवून ठेवा. पण हा उपाय संगमरवराला कधीही करू नका, आंबटाने संगमरवर खाल्ला जातो.

आता बाईकडे येऊ.

पुतळा कुठे ठेवायचा हे पुतळ्याकडे बघून ठरत नाही, आपण कुठे बसतो त्यावरून ठरतं. संध्याकाळी तुम्ही ओसरीवर कुठे बसता? तिथे खुर्ची टाका, चहा घ्या आणि बघा, नजर आपोआप कुठे जाऊन थांबते. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, ती डाव्या कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली थांबत असणार. बाईची जागा तीच. तुळस दारासमोर तिच्या ठिकाणी राहील, बाई तिच्या रेषेतून पूर्ण बाजूला, झाडाच्या सावलीत. तुळशीवृंदावन म्हणजे काय हो? उंच चौथरा, वर घडीव कुंडी, त्यात एकच रोप, आणि सगळ्या घराची नजर तिच्यावर. इटलीतल्या बागवाल्यांनी चौथऱ्यावर कलश ठेवून जे साधलं तेच. तुमच्या अंगणात ती मानाची जागा भरलेली आहे. तिच्याशी दुसऱ्या कुणाची स्पर्धा लावली की दोघीही लहान दिसतात. सासूबाई हे त्यांच्या भाषेत बोलतायत एवढंच.

सावलीचं दुसरंही कारण आहे. आपल्या उन्हात पांढरंशुभ्र फायबर डोळ्यांत खुपतं. दुपारी बारा वाजता त्याच्याकडे बघवत नाही आणि त्याच्या चेहऱ्यावरची छाया मरून जाते, नुसता चुन्याचा गोळा दिसतो. कडुलिंबाच्या हिरव्या अंधारात तीच बाई जिवंत होईल. त्यातूनही तो पांढरा रंग मला सहन होणार नाही. साहेब म्हणतील, अस्सल पुतळे पांढरेच असतात. तर नसतात. ग्रीक आणि रोमन पुतळे मुळात रंगवलेले होते. ओठ, केस, वस्त्रांचे काठ, सगळं रंगीत. शतकानुशतकं मातीत आणि पावसात राहून रंग गेले, उकरून काढल्यावर पांढरा दगड हाती आला, आणि पुढच्या शिल्पकारांनी पांढऱ्यालाच अभिजात मानून टाकलं. तेव्हा बिनधास्त रंगवा. बाहेरच्या भिंतीचा मॅट रंग घ्या, त्यात पिवळी माती आणि किंचित काळा मिसळून वाळक्या दगडाची छटा आणा, पातळ करून स्पंजने फिरवा आणि चुण्यांच्या खाचांत थोडा गडद राहू द्या. वरचा चकचकीतपणा आधी बारीक पॉलिश पेपरने मोडा, नाहीतर रंग धरणार नाही. आपल्या हवेला गडद दगड किती शोभतो ते बघायचं असेल तर हत्तरसंग कुडलला जा. भीमा आणि सीना मिळतात तिथली ती देवळं, शके ९४० चा मराठी शिलालेख तिथलाच. हजार वर्षांच्या उन्हापावसानंतरही त्या काळ्या दगडातले चेहरे वाचता येतात.

चौथरा दोन फुटांचा पुरे. बाई चार फुटांची, म्हणजे उभं राहून बघणाऱ्याच्या नजरेला तिचा चेहरा समोर येईल. चौथऱ्याला ग्रॅनाइट, टाइल्स काही लावू नका. काळ्या दगडाचा किंवा साध्या शहाबादीचा करा. खरी मेख खाली आहे. तुमच्याकडे काळी माती असणार, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर चार विटा रचून पुतळा उभा केलात तर दोन पावसाळ्यांत तो पिसाच्या मनोऱ्यासारखा कलेल, आणि तेवढं इटालियन आपल्याला नकोय. मुरूम लागेपर्यंत खणा, खाली दगडाचं सोलिंग म्हणजे ठोकून बसवलेला थर, वर पीसीसी म्हणजे सळईशिवायचं साधं काँक्रीट, मग चौथरा. कडुलिंबाच्या बुंध्यापासून पाच-सहा फूट लांब, मुळ्या तोडू नका. आणि फायबर हलकं असतं हे विसरू नका. मी काम केलेल्या एका घरची फायबरची परी वळवाच्या वाऱ्यात उडून शेजारच्या गोठ्यात पडली होती. म्हैस दोन दिवस दूध देईना म्हणून भांडण झालं. पुतळ्याच्या आत बुडाला दीड-दोन फूट कोरडी वाळू भरा, तळाला अँकर बोल्टने चौथऱ्याशी जखडा आणि आत शिरलेलं पाणी निघून जायला एक भोक ठेवा.

राहिला उघडा खांदा. माझं म्हणणं, हा प्रश्न तुम्ही सोडवूच नका, तो सासूबाईंकडे सोपवा. गणपतराव म्हात्रे नावाच्या विशीतल्या मराठी शिल्पकाराने १८९६ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकत असताना 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा केला. युरोपियन पद्धतीचं घडवणं, पण बाई आपली, पूजेला निघालेली, अंगावर लुगडं, आणि त्या लुगड्याच्या चुण्या अशा की ग्रीक देवतेच्या वस्त्रांनी खाली बघावं. त्याचा फोटो फोनवर सासूबाईंना दाखवा. मग तुमच्या बाईच्या खांद्यावरून पदर घेता येतो. फायबरचं काम करणाऱ्या कुणालाही जाळी आणि रेझिन वापरून चार चुण्या वाढवता येतात, गणपतीच्या मूर्ती करणारा कारागीर तर हसत करेल. पदर कसा हवा, डोक्यावर की खांद्यावर, हे त्या सांगतील. शिवाय ती घागर घेतलेली बाई आहे. सोलापुरात हिच्याइतकी ओळखीची मूर्ती दुसरी कुठली असणार? एक्याऐंशी वर्षांच्या बाईने आयुष्यात किती घागरी वाहिल्या असतील, ते जरा विचारा त्यांना. मला वाटतं त्यांचा विरोध बाईला कमी आणि तिच्या जागेला जास्त आहे. ती फाटकाकडे तोंड करून उभी राहावी की ओसरीकडे, हेही त्यांनाच ठरवू द्या.

पंखवाली बाळं परत करा. दुकानदार घेत नसेल तर एखाद्या फोटो स्टुडिओवाल्याला देऊन टाका. यावर जास्त लिहीत नाही.

सिंहांचं मला वाईट वाटतं, कारण मूळ जोडी सुंदर आहे. चेंडूवर पंजा ठेवलेले ते सिंह साहेबांनी फ्लॉरेन्सच्या मोठ्या चौकातल्या कमानींखाली बघितले असतील. मेदिची सिंह म्हणतात त्यांना. त्यातला एक प्राचीन रोमन, दुसरा सोळाव्या शतकाच्या अखेरीला जोडीला म्हणून मुद्दाम घडवलेला. जोडी लावायची हौस तिथेही होती. पुण्यात बंडगार्डनच्या जुन्या पुलावरही असेच सिंह आहेत. पण ते सिंह पुलाच्या टोकाला शोभतात, मोठ्या जिन्याशी शोभतात. आठ फुटी फाटकाच्या खांबांवर चढवले की ते बंगल्याचे राखणदार न वाटता हॉटेलचे वाटतात. ठेवायचेच असतील तर खांबांवर चढवू नका, ओसरीच्या पायरीच्या दोन्ही अंगांना, जमिनीलगत बसवा. नातवंडं पाठीवर बसतील. तोच बाईचा रंग त्यांनाही द्या. नक्षीकाम कुठे खुलतं हे साहेबांना बघायचं असेल तर त्यांना महापालिकेच्या आवारातल्या इंद्रभुवनासमोर अर्धा तास उभं करा. वारदांनी बांधलेल्या त्या इमारतीवर केवढं गच्च काम आहे, पण सगळं भिंतीला, कमानीला, खांबाला धरून आहे. सुटं काहीच नाही. अंगणात सुटे पुतळे ठेवतो तेव्हा त्यांना धरायला काही लागतं: पायरी, भिंत, झाड, वाटेचं टोक.

कुंड्यांवर मात्र माझा जीव आहे. तुमच्या खरेदीतली सगळ्यात शहाणी वस्तू त्या चार कुंड्या. दोन ओसरीच्या पायऱ्यांपाशी सिंहांऐवजी ठेवता येतील (दोन्ही नकोत, एक निवडा) आणि दोन कडुलिंबाकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी. वाट शहाबादी फरशीची करा, ओसरीपासून तिरकी कडुलिंबापर्यंत, तीन फूट रुंद, फरश्यांच्या मधे बोटभर जागा सोडून. वाटेच्या कडेला इटलीसारखं कातरलेलं कुंपण हवं म्हणून नर्सरीतून परदेशी झुडुपं आणू नका, पहिल्या वैशाखात जळतील. कामिनी लावा किंवा साधी मेंदी, दीड फुटावर कातरत राहा. सायप्रससारखे उभे शेंडे हवे असतील तर आपला खोटा अशोक आहेच, पण तीस फुटी अंगणात दोनपेक्षा जास्त नको.

कुंड्यांत पेटुनिया आणि तसली नाजूक फुलं भरायचा मोह होईल. फायबरची भिंत पातळ असते, उन्हात आतली माती तापते आणि मुळं अक्षरशः शिजतात. म्हणून आतून दुसरी मातीची कुंडी बसवा आणि दोघींच्या मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेला पाला कोंबा. तळाला भोक नसेल तर पाडा. शोभेच्या कुंड्यांना बहुतेक वेळा नसतंच. पायऱ्यांजवळच्या दोन कुंड्यांत घायपात लावा. हसू नका. बांधावरची तीच घायपात, निळसर पानांची, उंच कलशात एकटी लावली की राजेशाही दिसते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बागांत कलशात हीच लावायची फॅशन होती. पाणी आठवड्याला तांब्याभर. टोकांच्या काट्यांवर नातवंडांसाठी बुचं खोचा.

वाटेच्या तोंडाशी असलेल्या दोन कुंड्यांत एकीत कागदी लिंबू, एकीत डाळिंब. इटलीच्या जुन्या बागांत भल्या मोठ्या मातीच्या कुंड्यांतून लिंबाची झाडं रांगेने ठेवलेली असतात, साहेबांनी फोटो काढलेच असतील. तिथे थंडी पडली की ती सगळी झाडं उचलून आत न्यावी लागतात, त्यासाठी वेगळी दालनं बांधलेली असतात, लिमोनाया म्हणतात त्यांना. फ्लॉरेन्सच्या बोबोली बागेतही एक आहे. आपल्याला तो खर्च नाही. आणि डाळिंब तर काय, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन. पण हे फळ ग्रीकांचंही तितकंच लाडकं. त्यांच्या पुराणात पर्सेफोनी नावाची मुलगी पाताळात नेली जाते, तिथे ती डाळिंबाचे काही दाणे खाते, आणि त्या दाण्यांपायी तिला दरवर्षी काही महिने पाताळात परत जावं लागतं. ती खाली असते तेव्हा पृथ्वी उजाड होते. आपल्याकडे ती बहुतेक मार्चमध्ये जात असावी. भगवा जातीचं कलम घ्या, दोन फूट रुंदीची तरी कुंडी लागेल, आणि कळी लागली की पाणी कधी फार कधी नाही असं करू नका, फळ तडकतं.

हे सगळं विकत घ्यायच्या आणि खणायच्या आधी आठ दिवस एक खेळ करा. बाई ठेवायच्या जागी एक निळं पिंप उलटं ठेवा, त्यावर खुर्ची आणि वरून पांढरी चादर. सोलापुरात चादरीला काय तोटा. कुंड्यांच्या जागी बादल्या. वाट दोरी आणि खुंट्यांनी आखा. मग सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर ओसरीवरून बघा. खुर्ची दोन-चार वेळा इकडची तिकडे होईल. साहेबांना हे काम द्या. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला दोरी आणि टेप दिला की तो रमतो. मांडणी मंजूर झाली की गवंड्याला बोलवा, पावसाळ्याच्या आधी पाया उरकून घ्या.

दिव्यांचं विचारलंत. रंग बदलणारे नकोत, वहिनी, हिरवी झालेली बाई बघून सासूबाई दचकतील. कडुलिंबाच्या खोडामागे एकच पिवळसर दिवा, जमिनीतून झाडाच्या फांद्यांकडे रोखलेला. बाईवर थेट काही पाडू नका, तिची नुसती आकृती दिसू दे. तुळशीपाशी सासूबाई लावतात तो दिवा अंगणातला सगळ्यात पुढचा दिवा राहिला पाहिजे; म्हणून बाकीचे सगळे तो लागल्यावर अर्ध्या तासाने लावा.